खारट विहिरी आणि विकतचे प्रकल्प

वसई तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नालासोपारा स्थानकापासून आठ-दहा किलोमीटरच्या आत, राजोडी हे समुद्राला चिकटलेले गाव आहे. शनिवार-रविवारी येणारा मुंबईकर त्याला ओळखतो तो सुरूच्या झाडांसाठी, वाळूसाठी आणि निवाससंकुलांसाठी. पण किनाऱ्याच्या मागे गावाचे खरे आयुष्य आहे ते वाड्यांमध्ये. केळी, फुले, भाजी यांच्या वाड्या, प्रत्येक वाडीला विहीर आणि विहिरीच्या भरवशावर चालणारा प्रपंच. अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, राजोडी, कळंब असा हा सगळाच पट्टा पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर जगत आला. त्याच विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागू लागते, हे या पट्ट्याचे जुने दुखणे आहे. वाडीवाला हिंदू असो वा ख्रिस्ती, विहिरीची तक्रार एकच.

या दुखण्यामागचे शास्त्र अवघड नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके, खारे जड. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी सापडावे, असे गणित घायबेन आणि हर्झबर्ग या युरोपीय अभियंत्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडले. त्याची उलटी बाजू भयंकर आहे. अतिउपशाने वरची पातळी एक फूट उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढते. जनावराच्या फेऱ्यांवर फिरणारे रहाटगाडगे थोडे थोडे पाणी उपसत असे. विहिरीला सावरायला उसंत मिळे. विजेच्या पंपाने ती उसंत हिरावली. पुढे वसई-विरारमध्ये इमारती उभ्या राहू लागल्या आणि वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने नागरी वस्त्यांकडे जाऊ लागले. त्याविरुद्ध वसईत झालेली आंदोलने जुन्या वाचकांना आठवत असतील.

आता दुसरे चित्र पाहू. याच पट्ट्यात, वसई रोडला, विरारला, पालघरला, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मुंबईतली तर लोकलच्या तासाभराच्या अंतरावर. मुंबई विद्यापीठाने २०१९ साली लागू केलेल्या अभियांत्रिकी पाठ्यक्रमात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षालाही लघुप्रकल्प आणला. शेवटच्या वर्षाचा मोठा प्रकल्प होताच. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८च्या आदर्श पाठ्यक्रमात पदवीचे एकूण श्रेयांक १६०वर आणले आणि पाठांतराचा भार हलका करून हाताच्या कामाला जागा करावी, असे सुचविले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आखलेल्या श्रेयांकांच्या चौकटीत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क यांचीही भर पडली. म्हणजे कागदावर पाहिले तर विद्यार्थ्याच्या हाताला काम देण्याची व्यवस्था झालेली आहे. एकीकडे प्रश्न आहे, दुसरीकडे तो सोडवायला शिकणारी शेकडो मुले आहेत, आणि दोहोंच्या मध्ये आहे रिक्षाचे अंतर. तरीही ती मुले राजोडीच्या विहिरीशी का पोहोचत नाहीत?

याचे उत्तर ज्यांच्या घरात अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, त्यांना ठाऊक असते. प्रकल्प विकत मिळतो. मंडळपट्टी, तारा, छोटा संगणक, आज्ञावली, बांधलेला अहवाल आणि तोंडी परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे, असे सगळे एका पिशवीत. कुंडीतल्या रोपाला पाणी घालणारी यंत्रणा, अडथळा दिसताच वळणारी चारचाकी, चेहरा ओळखून उघडणारे दार, हे विषय वर्षानुवर्षे त्याच क्रमाने फिरत राहतात. लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घ्यायला जाणे यात गैर काही नाही. मुंबईच्या कित्येक पिढ्यांतील हुशार मुलांनी तिथेच आपले पहिले रेडिओ जुळवले. गैर आहे ते जुळवण्याचेही श्रम दुसऱ्याने करणे. ज्या बापाने प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन शुल्क भरले, त्यालाच या पिशवीचेही पैसे द्यावे लागतात. आणि चार वर्षांनी मुलाखतीला गेलेला मुलगा स्वतःच्याच प्रकल्पाविषयी दोन वाक्ये धड बोलू शकत नाही.

दोष केवळ मुलांच्या माथी मारणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. एका शिक्षकाकडे अनेक गट, प्रत्येक गटाला आठवड्यातून काही मिनिटे, सत्र चार महिन्यांचे, आणि गुण कशाला, तर अहवालाला आणि सादरीकरणाला. चाललेल्या यंत्राला जेवढे गुण, तेवढेच चालल्यासारखे दाखवलेल्या यंत्राला. अशा व्यवस्थेत प्रामाणिकपणे धडपडून अपयशी ठरलेला गट मागे पडतो आणि पिशवी आणलेला गट पहिला येतो. मुले मूर्ख नसतात. व्यवस्था कशाला बक्षीस देते, हे त्यांना पहिल्याच सत्रात कळते.

कर्मशाळेची अवस्था याहून बोलकी आहे. पहिल्या वर्षी फिटिंगच्या तासाला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून एकात एक बसणारे दोन भाग करायचे असतात. त्या तुकड्यातून पुढे काहीच घडत नाही. तो कुठल्या यंत्राचा भाग नसतो, कुणाच्या उपयोगाचा नसतो. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर काय बिघडते, हे त्यामुळे मुलाला कधी कळतच नाही. मापाची अचूकता ही यंत्राची गरज न वाटता शिक्षकाची हौस वाटू लागते. कर्मशाळेतला निदेशक, ज्याला कानस कशी धरावी हे खरोखर येते, तो महाविद्यालयाच्या उतरंडीत सर्वांत खाली. हाताने काम करणारा खालचा आणि फळ्यावर समीकरण लिहिणारा वरचा, ही उतरंड कोणत्याही पाठ्यक्रमात लिहिलेली नाही. पण मुलगा सगळ्यात आधी तीच शिकतो. ज्या समाजाने सुतार, लोहार, तांबट, पाथरवट यांच्या कौशल्यावर मंदिरे, गलबते आणि किल्ले उभारले, त्याच समाजाने त्यांना ज्ञानाच्या ओसरीवर बसू दिले नाही. राजोडीपासून हाकेच्या अंतरावरचे सोपारे हे प्राचीन काळी भरभराटीचे बंदर होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा एकात एक ठेवलेले अस्थिकरंडक निघाले. ते घडवणाऱ्या हातांचे नाव कुणाला ठाऊक नाही. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या विस्मृतीचाही हिशेब ठेवायला हवा.

अमेरिकेतही ही उतरंड निर्माण झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५५च्या ग्रिंटर अहवालानंतर, तेथील अभियांत्रिकी शिक्षण गणित आणि भौतिकीकडे झुकले आणि कर्मशाळा आकसल्या. त्याचा लाभ निश्चितच झाला. क्षेपणास्त्रे आणि संगणक केवळ कानशीने घडत नाहीत. पण रेखन करणारा, जुळवणारा, मोडून पुन्हा बांधणारा अभियंता कमी होऊ लागल्याचे तेथील उद्योगांच्या लक्षात आले, आणि ते देश परत फिरले. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेत वुडी फ्लॉवर्स यांनी १९७०च्या दशकात यंत्ररचनेच्या वर्गाला स्पर्धेचे रूप दिले. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ सामानाचा संच मिळे आणि त्यातून ज्याचे यंत्र त्याने उभे करायचे. डेन्मार्कमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या आल्बोर्ग विद्यापीठाने तर अभ्यासक्रमाची उभारणीच प्रश्न आणि प्रकल्प यांभोवती केली. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाने १९९५मध्ये गावातल्या संस्थांचे प्रश्न विद्यार्थिगटांकडे सोपवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात गट बदलत, काम मात्र चालू राही.

परंतु यासाठी डेन्मार्कचे दाखले देत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या मातीत हे विचार आधी रुजले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रशास्त्र संस्थेत, यांत्रिक आरेखन शिकवीत. पदोन्नतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले, सायकलींचा व्यवसाय केला आणि मग लोखंडी नांगर घडवायला घेतला. नांगर १९०३ साली तयार झाला. पण तो विकत घेणार कोण? लोखंडामुळे जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घडवण्याइतकेच कष्ट शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याचे म्हणणे ऐकण्यात गेले. आज ज्याला मोठ्या शब्दांत वापरकर्त्याचा अभ्यास म्हणतात, तो हाच. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या ऐकण्याच्या पायावर.

दुसरे नाव डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले हे शास्त्रज्ञ. १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली, मधूनच शाळा सोडलेली मुले त्यांनी जमवली आणि त्यांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, आरोग्य अशी खरी कामे करायला लावून त्यातून विज्ञान शिकवले. पाबळच्या मुलांनी कमी खर्चाची घुमटाकार घरे उभारली, लहान ट्रॅक्टर बनवला. विहीर कुठे खणावी हे ठरवण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणारे उपकरण घेऊन ती शेतांतून फिरली. २००२ साली एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब निघाली. अमेरिकेबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. एमआयटीच्या पदवीधरांना जे शिकवावे लागत होते, ते पाबळची नापास मुले आधीपासून करीत होती. डॉ. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे. तरीही राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांच्यापासून जेवढे घ्यायला हवे होते, तेवढे घेतलेले नाही. शाळा सोडलेल्या मुलांचा प्रयोग पदवीवाल्यांनी का गिरवावा, ही तीच जुनी उतरंड!

तिसरे उदाहरण मुंबई आयआयटीतील ग्रामीण क्षेत्रासाठीच्या ‘सितारा’ या केंद्राचे आहे. हे केंद्र १९८५चे. तेथील प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्जत, मोखाडा अशा तालुक्यांतील नळपाणी योजनांवर विद्यार्थ्यांना काम करायला लावले. टाकी आहे, नळ आहे, पण पाणी का पोहोचत नाही, याचा शोध नकाशा, उंचसखलपणा आणि नलिकेतील दाब यांच्या हिशेबाने घ्यायचा. त्या अनुभवातून २०१६ साली राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान हाती घेतले. जिल्हा प्रशासनाचे प्रश्न जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी घ्यावेत आणि त्याचा मोबदलाही मिळावा, अशी त्यातली कल्पना होती. मोबदल्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पैसे देणारा तहसीलदार किंवा ग्रामपंचायत काम झाले का, हे विचारते. परीक्षक अहवालाची पाने मोजतो.

चौथे उदाहरण आकाशातले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८च्या सुमारास एक लहान उपग्रह बनवायला घेतला. तो २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाबरोबर श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. ‘स्वयम्’ त्याचे नाव, वजन किलोभरही नाही. इंधन न वापरता, केवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने स्वतःला स्थिर राखणे, ही त्याची कल्पना. या हकिगतीतली शिकण्यासारखी गोष्ट उपग्रहाहूनही आठ वर्षांची आहे. ज्यांनी आरंभ केला ते पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. मागून येणाऱ्यांनी त्यांच्या नोंदी वाचल्या, चुका सुधारल्या, पुन्हा चाचण्या घेतल्या. चार महिन्यांच्या सत्रात हे घडत नाही. आणि छत्तीस तासांच्या हॅकेथॉनमध्ये तर नाहीच नाही. २०१७पासून सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनने मुलांत उत्साह आणला, हे खरे. पण छत्तीस तासांत आज्ञावलीचा नमुना होतो, यंत्राची कसोटी लागत नाही. कसोटी लागते पावसाळा काढल्यावर.

राजोडीच्या विहिरीवर एखाद्या गटाने काम करायचे ठरवले तर काय होईल, हे जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. काम साधे: विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजायचा आणि तो मर्यादेपलीकडे गेला की पंप बंद करायचा. केळ हे क्षारांना हळवे पीक. पानांच्या कडा करपल्या की वाडीवाल्याला कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. गट पाण्यात दोन पोलादी पट्ट्या सोडतो आणि घटाची वीज देऊन विद्युतवाहकता मोजतो. पहिल्या दिवशी आकडा बरोबर येतो. दुसऱ्या दिवशी भरकटतो, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेने पट्ट्यांवर पुटे चढतात. उलटसुलट वाहणारी वीज का वापरावी लागते, हे विद्युतरसायनाच्या पुस्तकात छापलेले आहे; पण ते उमगते या क्षणी. मग दुपारी आणि पहाटे आकडे वेगळे येतात. दर अंशाला सुमारे दोन टक्के वाहकता वाढते, म्हणून तापमानाची दुरुस्ती करावी लागते. मग भरती-ओहोटीबरोबर विहिरीची पातळी हलते आणि एका वेळेच्या मोजणीचा भरवसा उरत नाही. मग खाऱ्या वाऱ्याने पेटीतली जोडणी गंजते. आणि एवढे झाल्यावर वाडीवाला सांगतो, की मोबाइलवर संदेश नको, पंप बंद झाला तर पिकाला पाणी कुठून देऊ ते सांगा. येथे प्रश्नाचे रूपच पालटते. पंप बंद करणे हे उत्तर नाही. थोडे थोडे आणि अनेक वेळा उपसणे, पावसाचे पाणी जमिनीत जिरवणे, शेजारच्या विहिरींशी वेळापत्रक जुळवणे, हे उत्तर असू शकते. म्हणजे रहाटाच्या चालीने चालणारा पंप! आजोबांच्या रहाटात जे शहाणपण होते ते समीकरणात कसे मांडायचे, हा पदवीच्या तोलाचा प्रश्न आहे.

हे सगळे मराठीत घडते, हेही लक्षात घ्यावे. २०२१पासून काही महाविद्यालयांत अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची मुभा मिळाली, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. नोकरी इंग्रजीत मिळते, हा त्यांचा युक्तिवाद. तो घटकाभर मान्य केला, तरी विहिरीचे दुखणे वाडवळी बोलीतच ऐकायला मिळणार. ज्याला ‘मचूळ’, ‘भरड’, ‘खारट’ यांतला भेद कळत नाही, त्याचे उपकरण कितीही अचूक असले तरी प्रश्न चुकीचा मोजील.

प्रतिपक्षाची एक हरकत गंभीरपणे घ्यायला हवी. प्रकल्पांच्या नादात गणित आणि मूलतत्त्वे कच्ची राहतील, अशी भीती ज्येष्ठ प्राध्यापक व्यक्त करतात. ती निराधार नाही. सुटे भाग जोडून दिवा लावण्याला रचना म्हणणारे प्रकल्प पुष्कळ दिसतात, आणि अशा खेळण्यांसाठी स्थितिगतिशास्त्राचा तास कापणे हा तोटाच आहे. पण वरच्या विहिरीच्या कामात भूजलाचे समीकरण वगळून एक पाऊलही टाकता येत नाही. खरा प्रश्न घेतला तर मूलतत्त्वे टाळता येत नाहीत. ती टाळता येतात खोट्या प्रश्नात. खर्चाची हरकत मात्र फारशी टिकत नाही. विकतच्या पिशव्यांवर पालक जेवढे उधळतात, त्यात कर्मशाळा संध्याकाळी दोन तास जास्त उघडी ठेवता येईल. आणखी एक धोका आहे, त्याविषयी क्वचितच बोलले जाते. ‘समाजोपयोगी’ असे नाव दिले की प्रकल्पाला कुणी प्रश्न विचारत नाही. खेड्यात एक दिवस जायचे, छायाचित्र काढायचे, यंत्र ठेवून परतायचे. महिन्याभरात यंत्राखाली कोंबड्या बसतात. वाडीवाल्याला दयेचा विषय मानणारी सेवा ही सेवाच नव्हे. तो परीक्षक म्हणून समोर बसायला हवा, आणि त्याच्या मताला गुण असायला हवेत.

महाविद्यालयांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. एक गाव किंवा एक विभाग धरावा आणि तो पाच-सात वर्षे सोडू नये. दरवर्षीच्या गटाने आपल्या नोंदवह्या पुढच्या गटाच्या स्वाधीन कराव्यात, आणि मागच्याच्या चुका शोधण्याला नव्या यंत्राइतकेच गुण मिळावेत. कर्मशाळेच्या निदेशकाला प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून अहवालावर सही करण्याचा अधिकार द्यावा. आगाशी-अर्नाळ्याच्या पट्ट्यात होड्या दुरुस्त करणारे, पंप गुंडाळणारे, विहिरी बांधणारे कारागीर आहेत. त्यांना मानधन देऊन तासाला बोलवावे. शिक्षकाच्या बढतीत शोधनिबंधाबरोबर चालू स्थितीतल्या कामाचीही मोजदाद व्हावी. विहिरींशिवायही विषय आहेत. राजेळी केळ्यांची सुकेळी ही वसईची जुनी ख्याती. सोललेली पिकली केळी दिवसेंदिवस उन्हात वाळवायची, रात्री झाकायची, ढग आले की जीव टांगणीला. धूळ-माशी टाळून चव न बिघडवणारा वाळवणयंत्राचा चांगला नमुना कुणीही करून पाहावा. २०१८च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि मिठागरातील वस्ती तुटली. त्या पाण्याच्या वाटांचा नकाशा दर पावसाळ्यात अद्ययावत करणे हे स्थापत्याच्या विद्यार्थ्यांचे काम का असू नये?

अर्थात विहिरीच्या कामाला एक अडचण आहे, आणि ती विद्यापीठाच्या वेळापत्रकातच दडली आहे. राजोडीच्या विहिरी सर्वांत खाऱ्या होतात मे महिन्यात, पाऊस येण्याच्या आधी. ती नोंद चुकली तर वर्षभराच्या बाकीच्या नोंदींना अर्थ उरत नाही. आणि मे महिन्यात परीक्षा चालू असतात, वसतिगृहे रिकामी होतात, कर्मशाळेला कुलूप लागते. पहिल्या वर्षी तरी ते कुलूप उघडायला एखादा प्राचार्य राजी झाला पाहिजे, आणि परीक्षा आटोपलेली चार मुले भरदुपारी सायकलवर वाड्यांतून फिरायला तयार झाली पाहिजेत.